सोलापुरात नव्यानं आलात? पहिल्या रात्रीच्या निवाऱ्यापासून घरकुलाच्या किल्लीपर्यंत

माझी आई विडी कामगार. २००६ साली कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीत आम्हाला घर मिळालं. त्याआधीची कित्येक वर्षं तिनं एक जाड प्लॅस्टिकची पिशवी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. तिच्यात विडी कामगाराचं ओळखपत्र, पीएफची चिठ्ठी, रेशन कार्ड, संस्थेत भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि एक लाईट बिल होतं. तंबाखूचा वास त्या कागदांना अजून येतो. घर मिळालं ते त्या पिशवीमुळं, असं आई म्हणते. वसाहतीत फॉर्म भरायला येणाऱ्यांना मदत करताना मलाही तेच दिसतं. ज्यांची पिशवी भरलेली असते त्यांचं काम होतं. ज्यांची रिकामी असते ते दहा वर्षं राबूनही यादीबाहेर राहतात.

म्हणून हा लेख कामासाठी सोलापुरात नव्यानं आलेल्यांसाठी लिहिला आहे. इंडी-अफजलपूरकडून, जत-मंगळवेढ्याकडून, तेलंगणातून माणसं येतात. कुणी टॉवेलच्या कारखान्यात लागतं, कुणी बांधकामावर, कुणी हॉटेलात. घराचा विचार पुढं कधीतरी करू असं बहुतेकांना वाटतं. तो पहिल्या आठवड्यापासून करायचा असतो.

पहिली रात्र

रेल्वे स्टेशनसमोर, एसटी स्टँडवर किंवा सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास रात्र काढायची वेळ आली तर आधी महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून शहरांमध्ये असे निवारे उभे राहिले. ते वर्षभर, दिवसरात्र उघडे असले पाहिजेत. आत झोपायला जागा, पाणी, शौचालय आणि स्वयंपाकाची सोय असायला हवी, आणि तिथल्या माणसाला रेशन, दवाखाना, आधार यांच्याशी जोडून द्यायचं कामही केंद्राचंच आहे. पत्ता इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत, यूसीडी, म्हणजे नागरी समुदाय विकास विभागात मिळेल. रात्री उशिरा पोहोचलात तर जवळच्या पोलीस चौकीत विचारा.

निवाऱ्यात जाण्यात कमीपणा नाही. एक मुलगा दोन महिने स्टँडवर झोपत होता. तिथंच त्याची बॅग गेली, बॅगेत आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला होता. ते दोन कागद पुन्हा उभे करायला त्याला वर्ष लागलं. केंद्राच्या छपराखाली राहिला असता तर कागद शाबूत राहिले असते.

एक निकष सगळ्यांनी लक्षात ठेवावा. दर एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर माणसांच्या निवाऱ्याची सोय असावी, असं अभियानाचं धोरण होतं. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती, म्हणजे या हिशेबानं शहरात साडेनऊशे माणसांच्या निवाऱ्याची सोय हवी. नगरसेवक मतं मागायला दारात आले की हा आकडा त्यांच्यापुढं ठेवा. रस्त्यावर म्हातारं माणूस दिसलं तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर, लेकरू दिसलं तर १०९८ वर आणि अडचणीतली बाई दिसली तर १८१ वर फोन करा.

भाड्याची खोली, आणि तिचा कागद

पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या पट्ट्यात, मालकच कामगाराला कारखान्याच्या माळ्यावर झोपायला सांगतो. भाडं वाचतं हे खरं. पण खाली माग सुरू असतात, कापसाचा भुगा नाकातोंडात जातो, आणि त्या माळ्याचा पत्ता म्हणून कोणताही कागद तुमच्या नावावर होत नाही. दोन-तीन महिने ठीक, त्याहून जास्त राहू नका.

खोली बघताना लोक भाडं विचारतात, अनामत विचारतात आणि हो म्हणतात. सोलापुरात त्याआधीचा प्रश्न पाण्याचा. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येतंच असं नाही, काही दिवसांआड येतं. नळ कुठल्या वेळी येतो, किती वेळ चालतो, हौद सामायिक आहे की स्वतःचे पिंप भरायचे, हे मालकाला विचारू नका, शेजारच्या मावशींना विचारा. दुसरी गोष्ट छपराची. पत्र्याच्या खोलीचं भाडं कमी असतं, पण एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या वर गेला की दुपारी तिथं बसवत नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपायचं असेल तर पत्र्याची खोली घेऊच नका.

आता कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. स्टँप पेपरवर सह्या करून नोटरी केली म्हणजे करार रजिस्टर झाला असं नाही. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन होतो. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यावर एजंटाची मजुरी. मालक नको म्हणतात कारण त्यांना भाडेकरू हक्क सांगेल अशी भीती वाटते. तेव्हा वाद घालू नका. त्यांना शांतपणे सांगा, “अण्णा, करार रजिस्टर असला की मुदत संपल्यावर खोली परत घ्यायला तुम्हालाच सोपं जातं.” हे खरंच आहे, आणि बहुतेक मालकांना ते पटतं. खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी ठेवा.

तो करार पिशवीत पडलेला तुमचा पहिला सोलापुरी कागद.

पिशवी कशी भरायची

कराराच्या आधारावर आधारचा पत्ता बदला. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते बघा, कारण अनुदान आलं तर त्याच खात्यात येतं. मतदार यादीत नाव घालायला नमुना ६ भरा. ज्याला घरच नाही त्यालाही मतदार होता येतं. फॉर्ममध्ये झोपायची जी जागा लिहिली असेल तिथं केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन खात्री करतात.

रेशन कार्ड गावाकडं असेल तर घाईनं नाव कमी करू नका. एक देश एक रेशन कार्ड योजनेत इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, गावात राहिलेल्या माणसांचा वाटा तिकडंही उचलता येतो. इथं स्थिरावलात की मग कार्ड हलवा.

पुढं उत्पन्नाचा दाखला. तो उत्तर सोलापूर तहसीलचा लागतो, आपले सरकार केंद्रातून अर्ज करता येतो. त्यात खरं उत्पन्न लिहा. कुणीतरी सांगतं कमी लिही, योजना लागेल. नंतर बँकेत कर्ज मागायला गेलात की तोच आकडा आडवा येतो, एवढ्या उत्पन्नात हप्ता कसा भरणार असं साहेब विचारतात. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, तेव्हा ती बाई काउंटरवर रडत होती.

जातीचा दाखला लागू असेल तर काढून ठेवा. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना इथल्या सवलतीसाठी तो सहसा चालत नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. बांधकामावर असाल तर वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र घेऊन बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. विडी वळत असाल तर ब्रँचमधून, म्हणजे कारखानदाराच्या ज्या शाखेत विड्या जमा करता तिथून, ओळखपत्र मागा, मिळेपर्यंत मागत राहा. ज्यांची विडी दुसऱ्याच्या नावावर जमा होते त्या बायकांचं पुढं फार नुकसान होतं, पीएफही जातो आणि घरही.

सोलापूरची खास गोष्ट: कामगारांनी मिळून बांधलेली घरं

इथं थोडं थांबून सांगतो, कारण बाहेरून आलेल्याला हे माहीत नसतं. गरिबाला घर हवं असेल तर अर्ज भरून वाट बघायची, हे सगळीकडं आहे. सोलापुरात बायांनी सहकारी संस्था काढल्या, जमीन घेतली, मोर्चे काढले. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, यांनी ते नेटानं पुढं नेलं. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांसाठी १०,००० घरं झाली. हिशेब साधा होता: २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे, २० हजार कामगाराचे. आईनं तिचे २० हजार एकदम भरले नाहीत. दर आठवड्याला विड्या देऊन ब्रँचमधून परत येताना थोडे थोडे संस्थेत भरायची. पावतीवरचा आकडा मला वाचायला लावायची, कारण तिला वाचता येत नव्हतं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या.

त्यापुढचं पाऊल रे नगर. तेही कुंभारीतच. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणाऱ्या, बांधकाम मजूर अशा असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिली १५,००० घरं दिली गेली. घर सुमारे ३०० चौरस फुटांचं. प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, उरलेलं कामगाराचं स्वतःचं आणि कर्जाचं.

एकाच पक्षाचं सरकार असतानाचं हे काम नाही, दोन्ही काळांत घरं झाली. बाया मागं हटल्या नाहीत म्हणून झाली. नव्या माणसानं यातून घ्यायचं ते इतकंच, की एकट्यानं खिडकीवर उभं राहू नका. तुमच्या धंद्याची युनियन किंवा संस्था कुठली आहे ते शोधा, सभासद व्हा, आणि प्रत्येक पैशाची छापील पावती घ्या. सभासद फी कच्च्या चिठ्ठीवर घेणारा माणूस संस्थेचा नव्हे.

कुंभारीची अडचणही सांगितली पाहिजे. शहरापासून गाव दहा-बारा किलोमीटर, अक्कलकोट रस्त्यावर. काम पूर्व भागात असेल तर रोजचं जाणं-येणं, वडाप रिक्षाचं, म्हणजे सीट भरून चालणाऱ्या रिक्षाचं भाडं, रात्रपाळी सुटल्यावर वाहन नसणं, हे सगळं हप्त्याच्या हिशेबात धरा. आमच्या वसाहतीत सुरुवातीच्या वर्षांत काही जणांनी घर बंद ठेवून पुन्हा शहरात भाड्यानं राहायला सुरुवात केली होती. घर चांगलं होतं, पण कामाची जागा लांब पडली. बायांना मात्र विडी घरी बसून वळता येते, त्यामुळं त्या टिकल्या.

आज अर्ज कुठं करायचा

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. देशात कुठंही तुमच्या कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको, आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. गावाकडच्या वडिलांच्या नावावर घर आहे म्हणून घाबरू नका, पण बायकोच्या नावावर घरकुल आलेलं असेल तर ते लपवू नका, आधारवरून कळतंच. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, सहा लाखांपर्यंत अल्प उत्पन्न, नऊ लाखांपर्यंत मध्यम.

यात वाटा चार आहेत. स्वतःची जागा असेल तर त्यावर बांधायला अडीच लाखांपर्यंत मदत. भागीदारीतल्या प्रकल्पात तयार घर घेतलं तरी दुर्बल घटकाला तितकीच. कामगारांसाठी किफायतशीर भाड्याची घरं ही तिसरी वाट. चौथी व्याज अनुदानाची: २५ लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच हप्त्यांत. कर्ज काढायची ऐपत आहे पण अनुदानाच्या यादीत बसत नाही अशा माणसाला हीच वाट बरी.

अर्ज ऑनलाइन आहे, आणि महापालिकेत योजनेचं काम बघणाऱ्या विभागातही विचारता येतं. घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांना पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात. पाया झाला, भिंती झाल्या, स्लॅब पडला, की प्रत्येक वेळी जागेवर फोटो काढून तो चढवला जातो. त्यामुळं पहिला हप्ता येण्याआधी पाया बांधायला हाताशी थोडी रक्कम हवी. ती सावकाराकडून काढू नका, बचत गटातून काढा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास आहे, शहरात अडीच लाख. आदिवासींसाठी शबरी. भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. सोलापुरात सेटलमेंट आहे, इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ ठरवून तिथं तारेच्या कुंपणात डांबलेली माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं मोकळी झाली, पण त्यांच्या नातवंडांना अजून घराच्या कागदासाठी झगडावं लागतं. त्यांच्यासाठी असलेल्या योजना त्यांनाच सर्वांत शेवटी कळतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

म्हाडाची सोडतही विसरू नका. सोलापूर जिल्हा पुणे मंडळात येतो. नोंदणी ऑनलाइन, आधार, पॅन, उत्पन्नाचा पुरावा आणि अधिवास दाखला लागतो. अधिवास दाखल्याला महाराष्ट्रात बरीच वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात, म्हणून नव्यानं आलेल्यांना म्हाडा लगेच उपयोगी पडत नाही. भाडेकरार आणि मुलांच्या शाळेचे कागद आतापासून जपलेत तर पुढं पडेल.

झोपडपट्टीत राहत असाल तर महापालिकेच्या गवसु विभागात, म्हणजे गलिच्छ वस्ती सुधारणा विभागात, तुमच्या वस्तीची नोंद बघा. पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून. झोपडी विकत घेताय आणि विकणारा “फोटोपास आहे” म्हणतोय, तर तो पास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, त्याच्या नावावर आहे. पैसे देऊन तो आपोआप तुमचा होत नाही.

प्लॉट घेताना

सगळ्यात जास्त पैसे इथं बुडतात. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि शहर ३३ चौरस किलोमीटरवरून थेट १७८ वर गेलं. शेतं शहरात आली, रस्ता-गटार आलं नाही. शेतमालकांनी एक-एक, दोन-दोन गुंठे पाडून विकले, आणि कामगारांनी आयुष्याची कमाई घालून ते नोटरीवर घेतले. माझ्या मावशीनं २०१२ साली असाच एक गुंठा घेतला. एजंटनं चुन्याची फक्की मारून चौकोन दाखवला, चार कोपऱ्यांत दगड रोवले. पुढच्या वर्षी त्याच दगडांच्या आत दुसऱ्याची खोली उभी होती, आणि त्याच्याकडंही नोटरीच होती. दोघेही खरे, दोघेही फसलेले.

म्हणून व्यवहारापूर्वी हे बघा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर विकणाऱ्याचं नाव आहे का. जमीन बिनशेती आहे का, लेआउट मंजूर आहे का. गुंठेवारी असेल तर ती नियमित झाल्याचा दाखला आहे का. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात येऊ शकतात, पण “होईल नियमित” आणि “झालं नियमित” यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलंच हवं. घरपट्टीची पावती मालकी दाखवत नाही, कर भरल्याचं दाखवते. आणि नियमित नसलेल्या जागेवर आवास योजनेचे अडीच लाख मिळत नाहीत. म्हणजे स्वस्तात घेतलेला गुंठा शेवटी महागच पडतो.

फ्लॅट घ्यायचा असेल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर तपासा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

आवास योजनेत नाव लावून देतो म्हणून पैसे मागणारा कुणीही असो, ओळखीचा असो, टोपीवाला असो, कार्यालयाच्या दारातच उभा असो, त्याला एक रुपया देऊ नका. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राची फी असते, तिची पावती मिळते, बस.

किल्ली मिळाल्यावर

पहिल्याच आठवड्यात महावितरणचं मीटर स्वतःच्या नावावर आहे ना ते बघा. मुलांचा शाळेचा दाखला जूनच्या आत हलवा, नाहीतर वर्षभर लेकरं लांबच्या शाळेत वडापनं जातात. आधार, रेशन आणि मतदार यादीतला पत्ता बदला. स्लॅबला गळती, नळाला दाब कमी, संडासाची पाइप तुंबलेली, जे असेल ते ताबा घेतानाच लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

आणि ती पिशवी फेकू नका. आई आता थकली आहे, पण परवा शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या नव्या सुनेला घेऊन ती पेटीजवळ बसली होती. एकेक पावती उलगडून दाखवत होती, कुठला कागद कशाला लागला ते सांगत होती. त्या मुलीचा भाडेकरार पुढच्या मंगळवारी रजिस्टर होणार आहे.